फांदीवरची अळंबी

पानं गळून झाड उघडं पडलं तेव्हा मला ती दिसली. माझ्या डोक्यावरची जाडजूड फांदी जिथे खोडातून निघते, तिथे उगवलेली अळंबी. फळीसारखी आडवी, वरून तपकिरी, खालून साईसारखी पांढरी. झाडूच्या दांड्याने ढोसली तरी हलेना.

आमचे हे सुतार. त्यांच्या खुर्च्यांचे पाय मी पॉलिशपेपरने घासते, लग्न झाल्यापासून ह्याच झाडाखाली बसून. शेजारी त्यांचं रंध्याचं बाक. जोडी शोभून दिसते म्हणतात, लांबून.

"अहो, ही अळंबी बघा ना. फांदी आतून कुजली असेल तर?"

ते शिडीवर चढले. हातोडीने फांदीवर ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. उतरताना माझ्याकडे पाहिलं नाही.

"ठणठणीत आहे. जन्म गेला माझा लाकडात. आता तू शिकवणार मला?"

"तसं नाही हो..."

"मग घास. तोंड कमी, हात जास्त."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माणूस तिरसट, पण लाकडाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं बाक शेडमध्ये हलवलं. म्हणाले, पानं नाहीत, ऊन लागतं. वय झालं बिचाऱ्यांचं, असं वाटून मी त्यांना टोपी शिवून दिली.

अळंबीला नवी पांढरी कड फुटली. वारा सुटला की वरून करकर यायची. मी मान वर न करता घासत राहायचे.

मग वन्सं आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. गप्पा मारायला स्टूल ओढून माझ्या शेजारी टेकतात न टेकतात, तोच हे शेडमधून अनवाणी धावत आले.

"ताई, ऊठ! ऊठ आधी! फांदी पोकळ आहे, कधीही खाली येईल!"

दंडाला धरून त्यांनी वन्संना शेडच्या दारात ओढत नेलं. चेहरा पांढराफटक. एवढी माया त्यांच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

"अरे, मग हिला काय तिथे फळं झेलायला बसवलंयस?" वन्सं धापा टाकत म्हणाल्या.

"आत घासलं की धूळ उडते गं. ओल्या पॉलिशवर बसते, मग गिऱ्हाईक बोंबलतं." लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं त्यांनी.

"तेही खरंच. पण फांदी उतरवून का नाही टाकत?"

"टाकू की. सवड मिळाली म्हणजे."

मी घासायची खुर्ची उचलली आणि दोघांच्या मधून आत गेले. कपाटाची दारं नुकतीच पॉलिश करून भिंतीला टेकवली होती, आरशासारखी. त्या दारांच्या पुढ्यात बसकण मारली.

"अगं ए! दिसत नाही का? दारं ओली आहेत!"

"दिसतंय," म्हटलं, आणि सगळ्यात खरखरीत कागद काढला.