कॅल्शियमची बाटली

धाकटीचा, माझ्या लहान बहिणीचा, मेंदू गेला, हे सांगून डॉक्टरांना दोन दिवस झाले होते. मशीन होतं म्हणून तिची छाती हलत होती, एवढंच. आणि तिच्या सासूबाईंना आता नातवंडासाठी तिची स्त्रीबीजं काढून हवी होती.

"दहा-बारा दिवस इंजेक्शनं द्यावी लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर मशीन चालू ठेवायचं, मग बीजं काढून गोठवायची. पण तिची तशी इच्छा होती हे कळल्याशिवाय मी सुईला हात लावणार नाही."

"इच्छा?" सासूबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "मुलासाठी झुरत होती हो पोर. तीन वर्षं वाट पाहिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच बाई तिला येता-जाता टोमणे मारायची. जिवंतपणी वांझ आणि मरताना लेकुरवाळी!

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तीन वर्षं धाकटी दर महिन्याला दुकानात यायची. आम्ही मागच्या खोलीत बसून मूल न होण्याच्या गोळ्या पाकिटातून काढायचो आणि कॅल्शियमच्या बाटलीत भरायचो. "ताई, कुणाला बोललीस तर बघ," म्हणायची. मी मूर्ख! एकदा तरी म्हणायला हवं होतं, की बाई गं, त्यांच्या तोंडावर सांगून टाक.

"रोजचं औषध काही?" फॉर्म भरताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिच्या नवऱ्याने पिशवीतून तीच बाटली काढली. "कॅल्शियम. बाकी काही नाही."

वचन गेलं खड्ड्यात. मी बाटली ओढली आणि टेबलावर उपडी केली. बारक्या गुलाबी गोळ्या फॉर्मभर घरंगळल्या. कॅल्शियमची गोळी केवढी असते ते डॉक्टरीणबाईंना सांगायची गरज नव्हती.

"या मूल न होण्याच्या आहेत. मीच द्यायचे. तिला मूल नको होतं."

"खोटं! मेलेल्या पोरीवर आळ घेतेय ही," सासूबाई किंचाळल्या.

"मघाशी तर ती आई होणार होती, काकू. एवढ्यात मेलीसुद्धा?"

डॉक्टरीणबाईंनी एक गोळी उचलून पाहिली. "ताई, हा तुमचा शब्द झाला. बाटली कुणीही भरू शकतं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

तो खाली मान घालून एकेक गोळी परत बाटलीत टाकत होता. "होतं. वर्षभर."

"आणि तरी?"

"शुद्धीवर असताना ती हो म्हणाली नसती. म्हणून तर आत्ता विचारतोय."

सासूबाईंचा रुमाल तसाच हातात राहिला. डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

मी त्याच्या हातातून बाटली हिसकावली आणि बाहेर आले. धाकटीला आता कुणी टोचणार नव्हतं. पण माझा राग उतरला नाही, आजही उतरलेला नाही. तिचं 'नको' मी टेबलावर ओतून दाखवलं, तेव्हा तो नुसता माझा शब्द होता. त्याने 'होतं' म्हटलं, तेव्हा कुठे ते खरं झालं.