सोयरिकीचं तामूल

"आज ती गोळी घेऊ नकोस," थोरले दीर थानेश्वर दारातूनच म्हणाले. "घेतलीस की जीभ जड होते, बसल्या जागी पेंगतेस. पाहुण्यांनी काय समजायचं?"

"नाही घेत, दादा," पदुमी म्हणाली.

नवरा गेल्यापासून घरात शब्द थानेश्वरांचाच चाले. पदुमीच्या गालातली गाठ कापून काढली, वर विजेचे शेक दिले, त्याला वर्ष होत आलं होतं. रोग गेला, असं गुवाहाटीचे डॉक्टर म्हणाले. दुखणं मात्र घरजावयासारखं ठाण मांडून बसलं होतं. गालाच्या आतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. मिठाचा कण लागला तरी डोळ्यांना धार लागायची. सकाळ-संध्याकाळ मॉर्फिनची गोळी, आणि जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध. ते कापसाच्या बोळ्याने गालात लावायचं काम लेकीचं, रीजुमणीचं. पोर इतक्या हलक्या हाताने लावायची की पदुमीला आपली मेलेली आई आठवे. मग कुठे बिनमिठाची पेज पोटात जाई.

गावात सांगितलं होतं, दाढ काढली ती चिघळली. मानेवरचा वण मेखला-चादरीच्या पदराखाली असायचा. आईला कॅन्सर म्हटल्यावर लेकीकडे कोण बघणार? तो रक्तातून उतरतो, हे नलबाडीच्या बाजारातली भाजीवालीसुद्धा छातीठोक सांगते. रीजुमणीचं आधीचं स्थळ असंच कुजबुजीत बुडालं होतं. आणि आज बघायला येणाऱ्यांचा हा मुलगा तर तिने स्वतः पसंत केलेला. हा गेला तर पोर पुन्हा उभी राहणार नाही, हे पदुमी जाणून होती.

दुपारी मुलाची आई सोनेश्वरी आली, बरोबर तिची जाऊ. ओसरीवर चहा झाला, तीळ भरलेल्या तांदळाच्या गुंडाळ्या, तिळाचे पिठे झाले. पदुमीने उपासाचं निमित्त करून ते टाळले. गोळीची वेळ केव्हाच टळून गेली होती. गालात कोणी निखारा धरल्यासारखं होत होतं, तरी ती हसत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग सोनेश्वरीने गमछ्यात बांधून आणलेला काशाचा बटा, विड्याचं उंच तबक, सोडला. त्यात पानं, चुना आणि जमिनीत पुरून मुरवलेली तामुलं, म्हणजे ओल्या सुपाऱ्या. उग्र वास ओसरीभर पसरला. तिने एक विडा केला आणि पदुमीपुढे धरला.

"आधी तुम्ही, विहीणबाई. आमच्या बागेतलं आहे."

"मला आज उपास..."

"अगंबाई, तामुलाला कसला उपास! तामूल नको म्हणालात तर मी समजेन, सोयरीकच नको म्हणालात." सोनेश्वरी हसत होती, पण पुढे केलेला हात काही तिने मागे घेतला नाही.

"घे ना गं," थानेश्वर घाईघाईने म्हणाले. "इकडे हिला तामुलाशिवाय चैन पडत नाही, आणि लोकांपुढे लाजते."

तामूल म्हणजे तुला विष आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पदुमीने विडा घेतला आणि तोंडात ठेवला. आधी चुना लागला. डोळ्यांपुढचं अंगण पांढरं झालं. मग सुपारीची कड गालात रुतली आणि काहीतरी फाटलं, ते तिला ऐकू आल्यासारखं वाटलं. थुंकायची सोय नव्हती. ती चावत राहिली, गिळत राहिली.

"बघा तरी, कसं लालभडक रंगलं तोंड!" सोनेश्वरीच्या जाऊबाई कौतुकाने म्हणाल्या. "नवऱ्याने भारी जीव लावला असणार हो!"

नवऱ्याने जीव लावला नव्हता, लाथा घातल्या होत्या. पण ते सांगायला तोंड रिकामं नव्हतं. आणि तो लाल रंग पानाचा नव्हता.

"खरं सांगू?" सोनेश्वरी जवळ सरकली. "बाजारात कोणीतरी म्हणालं, तुमच्या तोंडात तो वाईट रोग आहे. मी म्हटलं, स्वतः जाऊन बघते. ते दुखणं असलेली बाई असं तामूल चघळेल का? लोकांच्या जिभेला मेलं हाड नसतं!"

थानेश्वर मोठ्याने हसले. पदुमीने मान हलवली. झालं, संपलं, आता आत जायचं आणि गोळी घ्यायची, एवढंच तिला दिसत होतं. ती उठायला लागली.

"बसा हो! अजून एक खा माझ्या हातचं. आता तर आपण एका घरच्या!"

पदुमीने दाराकडे पाहिलं. तिथे रीजुमणी उभी होती. हिला ठाऊक आहे, हीच काहीतरी करेल. मा, जरा आत ये म्हणेल, दूध उतू गेलं म्हणेल, काहीही म्हणेल.

रीजुमणी पुढे आली. पदर सावरून बट्यापाशी बसली.

"तुम्ही राहू द्या, मी करते," ती सोनेश्वरीला म्हणाली. "मा-ला एकाने कुठे भागतं!"

सगळे हसले. सोनेश्वरीने लाडाने तिची हनुवटी धरली. मुलगी अशी सुंदर दिसत होती की पदुमी क्षणभर सगळं विसरून बघतच राहिली. रीजुमणीने तामूल कातरलं, पान पुसलं, विडा दुमडला आणि नजर वर न करता आईपुढे धरला.

पदुमीने तो घेतला. चुना अगदी कमी लावला होता. तेवढी काळजी पोरीने घेतली होती.