रंगमास्तर आणि डोकेदुखीचा तपास

गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात रंग आणि स्वाद मिसळण्यात ज्याची चौतीस वर्षं गेली, त्या माणसाला त्याच्याच लेकीने एका सकाळी तोंडावर सांगितलं, "बाबा, आजपासून या घरात रंग बंद."

कारखान्यात त्यांना सगळे रंगमास्तर म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले. लेक एका चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि जावई इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. तिघांचं छान चाललं होतं. फक्त लेकीच्या अर्धशिशीने गेलं वर्षभर घराला वेठीला धरलं होतं. आधी डोळ्यांच्या कडेला चमचमत्या नागमोडी रेघा दिसायच्या, मग अर्धं डोकं घणाचे घाव बसल्यासारखं ठणकायचं, मग ओकाऱ्या. दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणणाऱ्या बाईला त्या दिवशी स्वतःच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा सोसायचं नाही.

आदल्या रात्री तिने कुठेतरी वाचलं होतं की खाण्यात मिसळलेले रंग, चव वाढवणारे क्षार, पदार्थ टिकवणारी रसायनं यांनी अर्धशिशी उठू शकते. झालं. सकाळी ती पोतं घेऊन स्वयंपाकघरात उभी. सुपाची पाकिटं गेली, सॉसच्या बाटल्या गेल्या, मलईची बिस्किटं गेली. मग तिचा हात वरच्या फळीवरच्या काचेच्या बरणीकडे वळला. बरणीत लाल, हिरव्या, नारिंगी गोळ्या होत्या, कारखान्याने निरोपाला दिलेल्या.

"तीसुद्धा?" रंगमास्तरांच्या काळजात चर्र झालं.

"तिला तर सगळ्यात आधी टाकायला हवं होतं."

"अगं, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस! आमच्याकडे एक घाणा बिघडला तर आम्ही अख्खा माल गटारात ओतत नव्हतो. एकेक डबा तपासायचो. आरोप करायचा तर पुरावा नको?"

"माझं डोकं हाच पुरावा आहे."

जावई दारात बूट घालत होते. सासरा आणि बायको यांच्या मध्ये सापडणं म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकणं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. "मला उशीर होतोय," एवढंच बोलून ते सटकले.

बरणी वाचली ती डॉक्टरबाईंमुळे. पोत्याची हकिकत ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, "सगळं एका दिवशी बंद केलंत, तर नेमकं काय बाधत होतं ते कसं कळणार? काही जणांना काही पदार्थ त्रास देतात, पुष्कळांना अजिबात देत नाहीत. संशोधकांचंही यावर अजून एकमत नाही. एक वही करा. काय खाल्लं, किती झोपलात, डोकं कधी दुखलं, सगळं लिहा."

वही म्हटल्यावर रंगमास्तरांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी मोठी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि लेकीच्या मागे हात धुऊन लागले. सकाळी डोळे उघडायच्या आत, "झोप किती तास?" दुपारी दुकानात फोन, "डब्यातलं सगळं संपवलंस की उरलं?" लेक वैतागायची, पण सांगायची. पोतं रिकामं करून पदार्थ परत फळीवर आले आणि एकेक करून आठवडाभर रजेवर जाऊ लागले. सूप गेलं, डोकेदुखी राहिली. सॉस गेला, तरी राहिली.

मग आली रंगांची पाळी. इथे रंगमास्तरांच्या अब्रूचा प्रश्न होता, म्हणून त्यांनी परीक्षा कडक ठेवली. स्वतः साखर कढवून दोन थाळ्या गोळ्या पाडल्या. एका थाळीत तीन रंग घसघशीत घातले, दुसरीत थेंबही नाही. चवीला दोन्ही एकच. लेकीने रोज संध्याकाळी डोळ्यांवर रुमाल बांधून चार गोळ्या खायच्या. कुठल्या द्यायच्या ते जावयांनी नाणं उडवून ठरवायचं आणि चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. गोळ्या खाऊन लेकीने विचारलं, "कुठल्या होत्या?" आणि जावई तिच्या तोंडाकडे बघून खो-खो हसत सुटले.

"काय झालं?"

"जीभ!" रंगमास्तर कपाळावर हात मारत म्हणाले. "अहो जावईबापू, हिची जीभ जांभळी झाली आहे, हे तुम्ही हसून सांगितलंत की! फुकट गेला आजचा दिवस."

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या झोपायच्या आधी द्यायचं ठरलं. घरातल्या आरशांवर चादरी चढल्या. जावयांनी हसू येऊ नये म्हणून गोळ्या देताना तोंडात पाण्याची गुळणी धरायची असाही नियम झाला. बारा दिवसांनी चिठ्ठ्या उघडल्या. डोकं तीनदा दुखलं होतं. दोनदा बिनरंगी गोळ्यांनंतर आणि एकदा रंगीत.

"निर्दोष!" रंगमास्तरांनी टेबलावर थाप मारली. "माझे रंग निर्दोष!"

"बारा दिवसांत काय सिद्ध होतंय?" लेक म्हणाली, पण तिनेच उठून बरणी वरच्या फळीवर नीट पुसून ठेवली.

आनंद ओसरल्यावर रंगमास्तरांना रुखरुख लागली. रंग सुटले खरे, पण पोरीचं डोकं काही सुटलं नव्हतं. एका दुपारी घरात कुणी नसताना ते वही घेऊन बसले. सहा आठवड्यांत अकरा वेळा दुखलं होतं. त्यांनी त्या अकरा दिवसांना लाल पेन्सिलीने गोल केले आणि वार मोजले. सोमवार, गुरुवार, रविवार, मंगळवार... बुधवार एकही नाही. शनिवारही नाही. पुन्हा मोजलं. नाहीच.

बुधवार आणि शनिवार. दुखणं बहुतेकदा सकाळीच सुरू व्हायचं, म्हणजे कारण आदल्या दिवशीचं, मंगळवारचं आणि शुक्रवारचं. मंगळवारी आणि शुक्रवारी घरात वेगळं काय होतं? जेवण तेच, झोप तीच. फरक एकच होता. त्या दोन दिवशी रंगमास्तर चार वाजता कॅरम खेळायला जायचे ते थेट जेवायलाच परत यायचे.

'म्हणजे डोकेदुखी मीच की काय?' त्यांच्या मनात आलं आणि ते स्वतःशीच हसले. मग हसता हसता थांबले. कारण बाकीच्या पाच दिवशी संध्याकाळी लेकीच्या हातात लिंबाच्या सरबताचा मोठा ग्लास ते स्वतः द्यायचे. वहीत त्या प्रत्येक दिवशी त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'सरबत.' पुढे तपशील नव्हता. लिंबू आणि पाणी यात तपशील कसला लिहायचा?

तपशील होता. गेल्या वर्षी लेक आरशासमोर म्हणाली होती, "कपडे घट्ट व्हायला लागले, आता साखर सोडायला हवी." तिला सरबत तर गोडमिट्ट लागायचं. बापाचा जीव, त्यांनी कुणाला न सांगता मधुमेहामुळे स्वतः चहात साखरेऐवजी टाकत असलेल्या कृत्रिम गोडीच्या बारीक गोळ्या तिच्या ग्लासात विरघळवायला सुरुवात केली होती. एका ग्लासाला पाच. स्वाद जुळवण्यात त्यांची उभी हयात गेलेली, त्यामुळे लेकीला फरक कळणं शक्यच नव्हतं. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की आपण काही घालतो आहोत हेही ते विसरून गेले.

त्या संध्याकाळी लेक आली, तेव्हा टेबलावर ग्लास नव्हता. वही उघडी होती आणि रंगमास्तर शाळेतल्या मुलासारखे हात बांधून बसले होते.

"सरबत नाही आज?"

"बस. आधी ऐकून घे. तुझा गुन्हेगार सापडला असं वाटतंय."

"कोण?"

"मी."

त्यांनी सगळं सांगितलं. लेक ऐकत गेली तशी तिच्या कपाळावरची आठी वाढत गेली. "वर्षभर? बाबा, मला एका शब्दाने विचारायचं तरी! माझ्या पोटात काय जातंय ते मला ठाऊक नको?"

"चुकलंच माझं," रंगमास्तर खाली बघत म्हणाले. "तुझं भलं करायला गेलो. भलं करताना विचारावं लागतं, हे लक्षातच आलं नाही."

मागोमाग येऊन दारात ऐकत उभे असलेले जावई हळूच म्हणाले, "आणि मी पीत होतो त्यात?"

"तुमच्यात साखरच. तुम्ही दिवसभर जिने चढता-उतरता, तुम्हाला काय धाड भरली आहे!"

लेकीने ओठ दाबून धरले, पण तिचे खांदे हलायला लागले. आरशांवरच्या चादरी, जावयांची पाण्याची गुळणी, दुकानात येणारे फोन, सगळं तिच्या डोळ्यांसमोर एकदम आलं असावं. "अख्ख्या घराची झडती घेतलीत," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि मुद्देमाल तुमच्याच खिशात!"

डॉक्टरबाईंनी वही पानन्‌पान पाहिली. त्या म्हणाल्या, "एका माणसाची वही म्हणजे सिद्धान्त नव्हे. त्याच गोळ्या लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण तुम्हाला त्या बाधत असतील, तर सोडून बघायला काय जातं? आणि जेवण-झोप वेळेवर ठेवा, त्याचाही वाटा असतो." मग त्यांनी रंगमास्तरांकडे पाहिलं. "रकाने सुरेख आखलेत हो."

त्या महिन्यात डोकं दोनदा दुखलं. पुढच्या महिन्यात एकदाच. तिसऱ्या महिन्यात एका सुट्टीच्या दुपारी, सरबत नाही, गोळ्या नाहीत, झोप पुरेशी झालेली, तरी लेकीच्या डोळ्यांपुढे रेघा नाचायला लागल्या. ती पडदे ओढून आडवी झाली. रंगमास्तर वही घेऊन दाराशी घुटमळले. "सकाळी काय खाल्लं होतंस? पावावर काय लावलं होतं?"

"बाबा, वही ठेवा," ती उशीतून म्हणाली. "आज कुणाचा गुन्हा नाही. या, बसा इथे."

त्यांनी ओल्या फडक्याची घडी तिच्या कपाळावर ठेवली आणि उशाशी खुर्ची ओढली. थोड्या वेळाने ती पुटपुटली, "काहीतरी बोला. हळू आवाजात. बरणीतल्या गोळ्यांचा तो नारिंगी रंग तुम्ही कसा जमवला होता, ते सांगा."

रंगमास्तरांचा चेहरा उजळला. हे त्यांना आजवर घरात कुणी विचारलं नव्हतं. ते पुढे झुकून कुजबुजत सांगू लागले, की पिवळा आधी घ्यायचा की लाल यावरून कारखान्यात कसे दोन तट पडले होते, आणि साहेबांसमोर सात वेळा घाणा फसला होता. तिसरा घाणा फसेपर्यंत लेकीचा श्वास संथ झाला, झोप लागली. रंगमास्तरांच्या ते लक्षात आलं, पण खरी गंमत चौथ्या घाण्यात होती, म्हणून ते सांगत राहिले.