ज्याचे त्याचे पाच डॉलर

व्हर्ना स्प्रौलने निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा लोवेल आधी मनापासून हसला. मग ती गंभीर आहे हे कळल्यावर त्याने हातातला शेवंडांचा, म्हणजे लॉबस्टरचा, पिंजरा बाजूला ठेवला.

"विधानसभेला? तू? शाळेची बस कोण चालवणार?"

"बस चालेल. पण त्या धक्क्यावर पुढच्या वर्षी तुझी होडी लागेल का, ते सांग."

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या टोकाला, टेनी कोव्ह गावात, उन्हाळ्यापुरती येणारी श्रीमंत मंडळी एकेक करून किनारा विकत घेत होती. आजोबांपासून ज्या वाटेने लोक शिंपल्या काढायला ओहोटीत उतरत, तिथे आता साखळ्या लागल्या होत्या. आमदार सहा वर्षं तोच होता. तो भला माणूस होता, पण त्याचा प्रचार ज्यांच्या पैशावर चाले त्यांची घरं त्या साखळ्यांच्या पलीकडे होती.

गावातला शेवंडांचा मोठा व्यापारी मेरिल क्रोकर तिला दुकानात भेटला. "उभी राहतेस म्हणे. मी चेक फाडतो, माझे दोघे भाऊही फाडतील. पैशाशिवाय कोण निवडून आलंय?"

"नको, मेरिल. मी सरकारी निधीतून लढणार आहे."

"म्हणजे त्या पाच-पाच डॉलरवाल्या लफड्यातून?"

"हो, त्याच."

लफडं तसं साधं होतं. मतदारसंघातल्या साठ मतदारांनी स्वतःच्या खिशातून प्रत्येकी पाच डॉलर राज्याच्या निवडणूक निधीत घालायचे आणि तसं लिहून सही करायची. तेवढं जमलं की प्रचाराचा खर्च राज्य उचलतं. मग उमेदवाराने दुसऱ्या कुणाकडून पैसा घ्यायचा नाही.

पण मागणं म्हणजे काय, ते व्हर्नाला पहिल्याच दारात कळलं. बावीस वर्षं ती बस चालवत होती. कुठल्या घरातलं पोर उशिरा येतं, कुणाचं कुत्रं बसमागे धावतं, सगळं तिला पाठ. पण एकाही घराचा उंबरा ओलांडून तिने कधी काही मागितलं नव्हतं. पहिल्या दारात उभी राहून ती हवेबद्दल बोलली, घरातल्या म्हातारीच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलली, आणि तशीच परत फिरली. आपल्या पिकअप ट्रकमध्ये बसून तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मग उतरली आणि पुन्हा दार वाजवलं.

"पाच डॉलर हवेत," ती एका दमात म्हणाली.

"अगं मग मघाशीच का नाही बोललीस?" म्हातारी म्हणाली. "मला वाटलं माझ्या गुडघ्यासाठी आलीस."

त्यानंतर जीभ सैल झाली. चर्चमध्ये दर शनिवारी गावाचं घेवड्याचं जेवण असे, तिथे तिला एका बैठकीत अकरा जण मिळाले. अडत होतं ते धक्क्यावर. तिथली सगळी माणसं आपला माल क्रोकरला विकत, आणि क्रोकरने दुकानात व्हर्नाची चेष्टा केली होती हे सगळ्यांनी ऐकलेलं. कुणी म्हणे पाकीट घरी राहिलं, कुणी म्हणे उद्या.

मग एके संध्याकाळी लोवेलने तिच्यासमोर सात सह्या आणि पैसे ठेवले. "धक्क्यावरचे. झाले की नाही तुझे साठ?"

व्हर्नाने त्याच्या गालाचा मुकाच घेतला. दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीच्या दारात म्हातारा ओरिन डन्बार दिसला तेव्हा ती मुद्दाम थांबली. "ओरिन, तुमचे आभार मानायचे होते. तुम्ही पाच डॉलर दिलेत."

"मी कुठे दिले?" ओरिन म्हणाला. "तुझ्या नवऱ्याने दिले. मी आपली सही ठोकली. म्हटलं, त्याचं काम होतंय, माझं काही जात नाही."

घरी येईपर्यंत तिचे कान तापले होते. लोवेल स्वयंपाकघरात कॉफी गाळत होता.

"सातांचे पैसे तू घातलेस?"

"हातावर रोकड नव्हती कुणाच्या."

"खोटं बोलू नकोस, लोवेल. तुला मागायची लाज वाटली."

त्याने गाळणं खाली ठेवलं. "वाटली," तो म्हणाला. "माझ्या बापाने कुणापुढे हात पसरला नाही. आणि तू दारोदार हिंडतेस, लोक पाठीमागे हसतात, ते मला बघवत नाही. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

तिने ते सात कागद उभे फाडले आणि पैसे त्याच्यापुढे ठेवले. मुदत संपायला चार दिवस उरले होते. "उद्या सकाळी धक्क्यावर जायचं. मी मागेन. पण आधी तू बोलायचंस."

सकाळी समुद्रावरून धूर निघावा तशी वाफ उठत होती. माणसं होड्यांवर पिंजरे चढवत होती. लोवेल मधोमध जाऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"परवा मी तुमचे पैसे भरले, ते चुकलं. कायद्यानेही चुकलं आणि तसंही. व्हर्नाने कागद फाडले. आता ती स्वतः आलीय. द्यायचे तर आपले द्या, नाहीतर राहू द्या."

"अरे वा, फुकटची सही गेली म्हणायची!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, पण खिशाकडे कुणाचा हात जाईना. नजरा क्रोकरच्या शेडकडे वळत होत्या. तो दारातच उभा होता.

ओरिनने पाकीट काढलं, पाचाची नोट दोन्ही बाजूंनी निरखली आणि तिच्या हातावर ठेवली. "लोवेलचे पैसे होते तेव्हा मला काही बोलायचं नव्हतं. आता माझे गेलेत, तर ऐक. साखळ्या लावलेली ती खालची वाट मोकळी झाली पाहिजे. आणि धक्क्याच्या उतारावरच्या फळ्या कुजल्यात, मागच्या हिवाळ्यात मी तिथं आपटलो. ते तुझ्या आधीच्याला तीनदा सांगितलं. तू लिहून घेतेस की नाही?"

"घेते," व्हर्ना म्हणाली.

मग दुसरा पुढे झाला. त्याला बर्फाच्या दराबद्दल बोलायचं होतं. तिसऱ्याला मुलीच्या दातांबद्दल; सगळ्यात जवळचा दंतवैद्य दोन तासांवर होता. कागद हातावर धरून व्हर्नाचं पेन चालेना, तेव्हा लोवेलने वाकून आपली पाठ लिहायला दिली.

क्रोकर शेडमधून खाली आला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"काय बघताय माझ्याकडे?" तो खेकसला. "सह्या करायच्या तर करा पटापट. पाणी उतरायला लागलंय, आणि मला आज माल हवाय." मग व्हर्नाकडे वळून जरा हळू म्हणाला, "माझ्याही धक्क्याला तीच वाट आहे, बाई. पण मी सही करणार नाही. माझा चेक नाकारलास, तेव्हा आता माझा माणूस दुसरा आहे."

"असू दे की," ती म्हणाली. "तुमच्या वाटेचंही बघेन."

त्या दिवशी सातांऐवजी नऊ जणांनी दिले. निधी मंजूर झाला. पत्रकं छापली गेली, रेडिओवर तिचा आवाज ऐकू आला आणि सगळा उन्हाळा ती संध्याकाळी घरोघर बसली. गंमत अशी की पाच डॉलर दिलेले लोक तिला आपलं माणूस समजून रस्त्यात थांबवत, जाब विचारत, घरी नेऊन ब्लूबेरीचा केक खाऊ घालत. लोवेल कुरकुरत बरोबर जाई. ऑगस्टपर्यंत तो स्वतःच दार वाजवू लागला होता.

नोव्हेंबरात ती जिंकली, अगदी थोडक्या मतांनी. जुन्या आमदाराने फोन करून अभिनंदन केलं आणि किनाऱ्याच्या जुन्या वाटेचा नकाशा आपल्याकडे आहे, पाठवतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ना नेहमीसारखी बस घेऊन निघाली. शपथविधी डिसेंबरात होता, तोवर पोरांना शाळेत कोण नेणार? पहिल्या थांब्यावर पोरं चढली ती टाळ्या वाजवत.

"खाली बसा सगळे," ती आरशात बघत म्हणाली, "नाहीतर बस हलणार नाही."

पोरं बसली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, तरी हसू काही आवरेना.