नेचा, कोरफड आणि खडूच्या रेघा

मुलांनो, समजा तुम्ही एक झाड आहात. पाय मातीत, म्हणजे कंटाळा आला तरी उठून जायची सोय नाही. कुठे बसायचं, कोणाशेजारी बसायचं, पाणी कधी प्यायचं, हे सगळं एक मावशी ठरवणार. आणि मावशीला झाडांतलं सगळं कळतं. निदान तिचं तरी तसं म्हणणं आहे.

अशी एक मावशी खारूकडे राहायला आली होती. खारू नऊ वर्षांची. दप्तरात बिया साठवते म्हणून हे नाव. घराची गॅलरी चार पावलं लांब, दोन पावलं रुंद. तिथली झाडं आधी दोनदा मेली होती, आणि बाबांनी जाहीर केलं होतं, "आता तिसऱ्यांदा मेली, तर तिथे वॉशिंग मशीन येईल. मशीन निदान सुकत तरी नाही." खारूचा सगळा जीव त्या गॅलरीत. अभ्यास तिथे, चित्रं तिथे, रुसून बसायचं तेही तिथेच.

"काळजी करू नकोस गं, मी आलेय ना!" मावशी म्हणाली.

नर्सरीत जाताना मावशीने सोफ्याच्या कापडाचा तुकडा बरोबर घेतला. रंग जुळायला नको? एकेका पानाला तो तुकडा लावून बघणं सुरू झालं.

"ताई, गॅलरीत ऊन किती वेळ असतं?" नर्सरीवाल्याने विचारलं.

"ऊन असतं हो. तुम्ही ही कुंडी बघा. हिच्यात काय शोभेल?"

नर्सरीवाला कुंडी बघू लागला. गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्याने फार पूर्वीच सोडलं असावं.

शेवटी एकाच मोठ्या कुंडीत नेचा आणि कोरफड शेजारी शेजारी लागले. नेच्याला सावली हवी आणि माती सतत ओलसर. कोरफडीला ऊन हवं आणि पाणी आठवड्याने मिळालं तरी चालतं. मावशीने तोड काढली : दर चार दिवसांनी पाणी. वा, काय न्याय! नेचा तहानेने वाळू लागला, कोरफड बुडातून सडू लागली. दोघांचं अगदी सारखं वाटोळं. पक्षपात म्हणून नाही.

"रुळताहेत," मावशी म्हणाली. "नव्या घरी आपणही जरा सुकतोच की."

शनिवारी बाबा मोजपट्टी घेऊन गॅलरीत आले. "मशीन पंधरा दिवसांनी येतंय. जागा मोजून ठेवतो."

"बाबा, पंधरा दिवस आहेत ना अजून?"

"आहेत. त्यात एक जरी नवं पान दाखवलंस, तर मशीन नाही. मी शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खारू खडू घेऊन गॅलरीत बसली. दर अर्ध्या तासाला ऊन जिथपर्यंत पोचेल तिथे फरशीवर रेघ ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची.

"फरशी कशाला खराब करतेस? ऊन काय, रोज तेच असतं," मावशी म्हणाली.

"हो ना मावशी. म्हणूनच एकदा बघून ठेवतेय."

संध्याकाळपर्यंत फरशीनेच सांगून टाकलं : कठड्याजवळ नऊ ते साडेबारा ऊन, नळाखालच्या कोपऱ्यात दिवसभर सावली. खारूने कुंडी उपसली. कोरफडीची सडलेली मुळं कापली, कोरफड दोन दिवस तशीच वाळू दिली आणि मग भोकं पाडलेल्या जुन्या डब्यात लावून कठड्याजवळ ठेवली. नेचा मोठ्या कुंडीसकट नळाखाली गेला. त्याला रोज बोट खुपसून बघायचं, माती कोरडी लागली तरच पाणी.

"सोफ्याशी काही जुळत नाही बाई आता," मावशी हळहळली. डबा तेलाचा होता.

पंधराव्या दिवशी बाबा पुन्हा मोजपट्टी घेऊन आले. खारूने त्यांना हाताला धरून नळाखाली वाकवलं. नेच्याच्या मधोमध, मूठ आवळून बसल्यासारखं, एक गुंडाळलेलं हिरवं पान वर येत होतं. बाबांनी त्यालाच मोजपट्टी लावली.

"दीड इंच," ते म्हणाले आणि खिशातून फोन काढून मशीनवाल्याला नको म्हणून सांगितलं.

"बघा! झाड निवडावं तर असं!" मावशी म्हणाली. "आता उरलेल्या कोपऱ्यात मी जांभळी फुलं लावणार."

खारू आत पळाली. तिने मावशीला त्या कोपऱ्यात स्टूल आणून दिलं, हातात खडू ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.