बरा झाला, हे सांगायचं राहिलं

“आजार कोणता लिहू?” शोभा मॅडमनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

“आजार नाही मॅडम. पीएचडी आहे.”

“बरं. कधीपासून?”

“दोन वर्षांपासून डोक्यात आहे.”

त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि कागदाखाली कार्बन सरकवला. हा कार्बन मीच आणला होता. सगळं यवतमाळ पालथं घातल्यावर एका दुकानदाराने तो माळ्यावरून काढून दिला आणि वर मला विचारलं, “संग्रहालय काढून राह्यले का?”

शोभा मॅडम जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होत्या. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. ज्या पेशंटचा इलाज इथे होत नाही आणि बाहेरचा परवडत नाही, त्याला चिठ्ठी लिहून नागपूर-मुंबईला पाठवायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. सहा वर्षांचा असताना मीही अशाच एका चिठ्ठीवर नागपूरला गेलो होतो. माझ्या हृदयाला छिद्र होतं. आता नाही. पुढे समाजकार्य शिकताना प्रशिक्षणासाठी मला त्यांच्याच हाताखाली पाठवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी छाती पुढे काढून म्हणालो, “मॅडम, मी तुमच्याच चिठ्ठीचा आहे.”

“हो का? मग बाहेरची रांग सरळ कर,” त्या म्हणाल्या.

आणि आता मला एका मोठ्या संस्थेत समाजकार्याची पीएचडी करायची होती. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, की हा अभ्यासक्रम संशोधकांसाठी आहे, कार्यकर्ते घडवण्यासाठी नाही. मी एका संस्थेत समुपदेशक आहे, अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. वर्षाचा बारावा महिना आमच्यात नसतो. वयाची मर्यादा बघता हा अर्ज बहुधा शेवटचाच होता. दोन शिफारसपत्रं हवी होती. एक कॉलेजच्या सरांनी दिलं. दुसरं मॅडमचं. अट अशी की ते अर्जदाराने बघायचं नाही, लिहिणाऱ्याने स्वतः ऑनलाइन पाठवायचं.

“पीएचडीत पेशंट कोण पाहते?”

“कोणीच नाही. पाहणाऱ्यांना पाहायचं असतं.”

“आणि त्यासाठी चिठ्ठी लागते?”

“दोन.”

“तिकडे बस. माझं लिहून होईपर्यंत इकडे फिरकू नको.”

तिकडे म्हणजे दिवाणावर. दिवाणाखाली मिक्सरचा एक जुना खोका होता. त्यात त्यांच्या चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती होत्या, वर्षावार गठ्ठे करून दवाखान्याच्या बँडेजने बांधलेल्या. मी एक गठ्ठा सोडला. प्रत्येक प्रतीच्या तळाशी मॅडमनी लाल शाईत एक ओळ लिहिली होती. ‘ऑपरेशनपूर्वी वारला. बायको सांगून गेली.’ ‘गाडीतच गेली. भाऊ येऊन गेला.’ बऱ्याच प्रतींच्या तळाशी मात्र काहीच नव्हतं.

“मॅडम, हे रिकामे कोण?”

“बरे झालेले,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “माणूस गेला की घरचे सांगायला येतात. बरा झाला की कामाला लागतो. येईल कशाला? तसं मानून घ्यायचं. रिकामं म्हणजे बरा.” मग जरा थांबून, “खात्री नसते पण.”

मी २००४चा गठ्ठा काढला. सापडायला वेळ लागला नाही. ‘मास्टर शादाब जहीर, वय ६, रा. दिग्रस. वडील मोटार रिवाइंडिंग करतात.’ खाली कोरं. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी सांगितलेलं बाहेरच्या रांगेतच राहिलं होतं.

मी प्रत जागेवर ठेवली आणि बँडेज बांधलं. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला त्या वेळी एकही विनोद सुचला नाही, याची नोंद व्हावी.

दिग्रसला पोचलो तेव्हा अब्बा दुकानात पंपाची मोटार भरत होते. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. मी तो मोडला.

“अब्बा, बाईच्या खोक्यात माही चिठ्ठी अजून कोरी हाय. माह्या ऑपरेशननंतर बाईले सांगाले काहून नाही गेलते?”

“एकशे अकरा, एकशे बारा... घे! गेलं सगळं.” त्यांनी तार सोडली. बराच वेळ हात पुसत राहिले. “जाणारच होतो. पयले तुले कडेवर घेऊन फिरा लागे. मंग सीझन आला, लोकं पंप घेऊन दारात. मंग ईद. मंग एक वरीस गेलं. मंग शरम वाटली बेटा. इतक्या दिवसानं कोण्या तोंडानं सांगाचं?”

“फोन?”

“नंबर कोनापाशी होता? दुवा रोज करतो मी बाईसाठी. रोज.”

“दुवा त्यांच्या खोक्यात नाही पोचली अब्बा.”

ते पुन्हा एकपासून मोजू लागले.

अर्जाची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमच्या सुनेचा, आभा वहिनींचा फोन आला. पत्राचा फोटो काढून संस्थेला त्यांनीच पाठवला होता.

“शादाब, पत्र छान आहे हं. पीएचडीचं माहीत नाही, पण तुला खाट नक्की मिळेल.”

“म्हणजे?”

“आई दुसऱ्या प्रकारचं पत्र लिहूच शकत नाहीत रे. मी म्हटलं त्यांना. तर म्हणाल्या, एकतीस वर्षं याच पत्राने लोकं भरती झाले, हा काय वेगळा आहे?”

मुलाखत ऑनलाइन होती, भर पंपांच्या सीझनमध्ये. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. अब्बांनी त्या तासाभरासाठी सगळी यंत्रं बंद ठेवली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, “पोराची परीक्षा चालू हाय, आवाज नाही पाहिजे.” गिऱ्हाइकं परत गेली नाहीत. उमरखेडहून पंप घेऊन आलेला खेमसिंग नावाचा शेतकरी आपल्याच पंपावर बसला, बाकीचे दोघे त्याच्याशेजारी, आणि सगळे पत्र्याला कान लावून ऐकू लागले. मला त्यांचे श्वास ऐकू येत होते.

पडद्यावर तिघं होते. मधल्या प्राध्यापिकाबाईंनी चष्मा लावला. “तुमचा प्रस्ताव ठीक आहे. असे बरेच येतात. मला या पत्राबद्दल विचारायचंय.” आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं:

“सदर अर्जदार कष्टाळू व गरजू असून त्याची प्रकृती समाधानकारक आहे. इथे जेवढे शक्य होते तेवढे आम्ही केले. पुढील इलाज आपल्याकडेच होऊ शकतो. तरी त्यास भरती करून घ्यावे व शक्य ती सवलत द्यावी. नातेवाइकांना नीट समजावून सांगावे, ते घाबरलेले आहेत.”

पत्र्याच्या पलीकडून खेमसिंगचा दबका आवाज आला, “बराबर लिवलं.”

“हा काय प्रकार आहे?” बाईंनी विचारलं.

पाठ केलेली उत्तरं माझ्याजवळ भरपूर होती. त्यातलं एकही या प्रश्नाचं नव्हतं. म्हणून मी खोक्याबद्दल सांगितलं. बँडेजबद्दल, लाल शाईबद्दल, रिकाम्या तळांबद्दल. “मॅडम, गेलेल्यांची नोंद आहे. बरे झालेल्यांची नाही. मीही एक रिकामा तळ आहे. एकवीस वर्षं झाली, आमच्या घरून कोणी सांगायला गेलं नाही. एवढे आभारी होतो, की लाज वाटली. चिठ्ठी घेऊन गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं, आणि ती परत सांगायला का आली नाहीत, हे मला शोधायचंय. प्रस्तावात हे लिहिलेलं नाही. आत्ता सुचलं.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. “आणि सापडल्यावर काय कराल?”

“आधी शोभा मॅडमना कळवेन. मग प्रबंध.”



निकालाचा ईमेल तीन आठवड्यांनी आला. निवड झाली होती, फेलोशिपसह. शेवटी एक ओळ होती: ‘प्रवेशाच्या वेळी नातेवाइकांना सोबत आणण्याची आवश्यकता नाही. त्यांना मात्र घाबरू नये असे सांगावे.’ मी ती अब्बांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “सदरा कुठं हाय माहा? इस्तरीचा.”

एसटीत ते इस्त्री मोडू नये म्हणून यवतमाळपर्यंत ताठ बसून राहिले. मॅडमच्या घरी पोचल्यावर दारातच थबकले आणि आतल्या कूलरचा आवाज ऐकू लागले. “बेअरिंग गेली,” मला हळूच म्हणाले. घाबरले की ते मोटारींबद्दल बोलतात.

मॅडम बाहेर आल्या. अब्बांनी हात जोडले.

“बाई, मी जहीर. दिग्रसचा. माहा पोरगा बरा झाला.”

मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. हा तोच पोरगा, तीन आठवडे पीएचडीच्या निकालाची वाट बघणारा, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, “कोणतं साल?”

“दोन हजार चार. उशीर झाला बाई. लय उशीर झाला.”

“बसा. पाणी घ्या आधी.”

त्यांनी खोका ओढला, गठ्ठा सोडला, प्रत काढली. चष्मा वर-खाली करून नाव वाचलं, वय वाचलं. लाल पेन घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी आत्ताच वॉर्डातून चालत बाहेर आलोय.

“तारीख कोणती टाकू?”

अब्बा विचारात पडले. ऑपरेशनची त्यांना पाठ होती, मला माहीत आहे.

“आजचीच टाका,” ते म्हणाले. “सांगतलं तर आजच न.”

मॅडमनी लिहिलं: ‘बरा झाला. वडील सांगायला आले.’ शाई वाळेपर्यंत प्रत हातात धरून ठेवली. मग ती गठ्ठ्यात ठेवून बँडेज पुन्हा बांधलं. गाठ त्यांनी बाजूला घेतली, पडून राहणाऱ्या पेशंटला टोचू नये म्हणून घेतात तशी.