नेमाच्या मागे कोण होतं

लव्हॉनने नेडीनच्या फाटकाबाहेर गाडी उभी केली आणि बाजूच्या सीटवरचं काचेचं भांडं सरळ केलं. कोंबडी, भात आणि वर चीजचा थर. अजून गरम होतं. नेडीनचा नवरा रॉइस इस्पितळातून घरी आल्यापासून चर्चमधल्या बायका आळीपाळीने जेवण पोचवत होत्या, आणि आज तिची पाळी होती. भांड्याच्या बुडाला तिच्या नावाची चिकटपट्टी होती.

पर्स हलकी लागत होती. शाळेत शिकवायचे तास सोडले तर गेली कित्येक वर्षं तिच्यात पिस्तूल असायचं. आज ते कपाटात होतं. आजाऱ्याच्या घरी कशाला न्यायचं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. पण गेल्या शनिवारपासून ते तिने पर्समध्ये ठेवलंच नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

त्या शनिवारी भर दुपारी पशुखाद्याच्या दुकानासमोर एका परगावच्या माणसाचा ट्रेलर रॉइसच्या पिकअपला घासला. शब्दाने शब्द वाढला. लव्हॉन कोंबड्यांच्या दाण्याची गोणी घेऊन दुकानातून बाहेर आली, तेव्हा दोघं जमिनीवर होते. तो माणूस वर, रॉइस खाली, आणि वरच्याच्या हातात चाक खोलायचा पाना. तिने गोणी खाली ठेवली. पर्सच्या बाजूच्या कप्प्याची चेन अर्धी उघडली. तिथेच हात थांबला. दुकानातली माणसं धावत आली, त्यांनी त्याला ओढून काढलं, पोलीस आले. तोवर रॉइसचा डावा डोळा गेला होता.

ती अर्धी उघडलेली चेन कुणीतरी खिडकीतून पाहिली होती. टेक्सासच्या त्या छोट्या गावात बभ्रा व्हायला एवढं पुरेसं होतं.

"मॅडम, ती वस्तू नुसती पावडरच्या डबीसारखी बाळगायची असेल तर मला देऊन टाका," शाळेतले फुटबॉलचे प्रशिक्षक बर्ल सगळ्यांसमोर म्हणाले होते. "मी वापरीन तरी."

शिक्षक हसले. लव्हॉनही हसली आणि रसायनशास्त्राच्या तासाला निघून गेली. ते तिला फारसं लागलं नाही. नेडीन फोन उचलेनाशी झाली, ते लागलं. दोघींची मैत्री मुलं होण्याच्याही आधीची. आज तिने दारातच भांडं घेतलं आणि 'बरं' म्हणून दार लावलं, तर त्यानंतर चर्चमध्ये मान हलवण्यापुरती ओळख उरणार होती.

लव्हॉनकडे एक वाक्य तयार होतं. नेडीन पिकअपमधून उतरून किंचाळत धावली होती, आणि नेमकी त्या माणसाच्या पाठीमागे येऊन उभी राहिली होती. पिस्तुलाच्या परवान्याचा वर्ग दोघींनी बरोबरच केला होता. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नेम धरण्याआधी नेमाच्या मागे कोण आहे ते बघा. "माझ्या मागे सदा रॉइसच असतो, जेवायला काय आहे विचारत," नेडीन कुजबुजली होती, आणि दोघींना हसू आवरेना म्हणून बाहेर जावं लागलं होतं.

'तू मागे होतीस.' एवढं म्हटलं की कुणी काही बोलू शकलं नसतं. पण ते वाक्य खरं आहे का, हे तिला ठरवता येत नव्हतं. आधी हात थांबला, की आधी नेडीन आली? रोज ती ते डोळ्यांसमोर आणी. कधी असं दिसे, कधी तसं. प्रयोगात असा निकाल आला असता तर तिने मुलांना वहीत लिहू दिला नसता.

नेडीनने दार उघडलं. डोळे सुजलेले. "ओट्यावर ठेव," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

रॉइस खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. "या, मास्तरीणबाई! एकच डोळा आहे, पण चीज दिसतं त्याला."

"कसं आहे आता?"

"दाराची चौकट जिथे दिसते तिथे नसते. बाकी ठीक."

"रॉइस, तू गप्प बस," नेडीन म्हणाली. "मला हिच्याशी बोलायचंय."

"बोल की. पण एक ऐकून घे. पहिला ठोसा माझा होता. आधी त्याच्या छातीवर मी बसलो होतो. तेव्हा कुणी पिस्तूल घेऊन बाहेर आलं असतं, तर त्याने मलाच टिपलं असतं. आणि गावाने त्याची पाठ थोपटली असती."

"ही काय परकी आहे? हिला माहीत होतं तू कोण ते!"

"रॉइस कोण ते माहीत होतं," लव्हॉन म्हणाली. "काय झालंय ते नव्हतं माहीत."

"पाना दिसत होता ना तुला?"

"दिसत होता."

नेडीनने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. मग आवाज एकदम खाली आला.

"मी मागे होते का गं?"

लव्हॉनने पर्स ओट्यावर ठेवली.

"सांग ना. वर्गात मीही बसले होते. डोळा लागत नाही माझा. मी मध्ये धावले म्हणून तू थांबलीस का? मी गाडीतच बसून राहिले असते तर..."

म्हणून फोन उचलत नव्हती तर. तिला राग आहे असंच लव्हॉन धरून चालली होती. तयार ठेवलेलं वाक्य आता कुणी न मागता समोर आलं होतं. नुसती मान हलवली असती तरी ती सुटली असती, गावातही, स्वतःपाशीही.

"हात नेमका कधी थांबला ते मला सांगता येणार नाही," ती सावकाश म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण एक नक्की आहे. चेन उघडतानाच आपलं चुकलं तर, त्याला लागायचं ते रॉइसला लागलं तर, हे मनात आलं. तेव्हा तू दिसलीही नव्हतीस. भीती आधी आली, नेडीन. तू नंतर आलीस."

"म्हणजे घाबरलीस."

"हो."

"मग इतकी वर्षं बाळगलंस कशाला ते?"

"तेच बघतेय अजून. वाटायचं, वेळ आली की कळेल काय करायचं. वेळ आली आणि काहीच कळलं नाही. बाहेर काढलं असतं तरी कळलं असतं असं नाही."

नेडीन रडली. आवाज न करता, ओट्याकडे तोंड करून. लव्हॉनने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. मग झटकलेला तोच हात धरून ठेवला.

"मला तुझा राग येणार आहे अजून," ती म्हणाली.

"येऊ दे."

"खूप येणार आहे."

"येऊ दे गं."

"तो येतोय तोवर," खुर्चीतून रॉइस म्हणाला, "मला कुणी भात वाढेल का?"

नेडीनने नाक पुसलं आणि कपाटातून ताटल्या काढल्या. दोनच काढल्या. लव्हॉनने ते पाहिलं आणि पर्स उचलली. नेडीन दारापर्यंत आली. तिची नजर पर्सच्या बाजूच्या कप्प्यावर गेली. चेन पूर्ण बंद होती.

"आत आहे?"

"नाही. घरी आहे."

"परत घेणार?"

"माहीत नाही."

नेडीनने मान हलवली. एरवी लोकांची भांडी घरोघर परत पोचवायला रॉइस जायचा. ते निमित्त करून तासभर गप्पा ठोकून यायचा.

"तुझं भांडं मी आणून देईन," ती म्हणाली. "मी स्वतः. थोडे दिवस लागतील."

"सावकाश आण," लव्हॉन म्हणाली. "माझ्याकडे दुसरं आहे."